हौशी म्हणजे कोण? – छायाचित्रणाच्या इतिहासातील तीन माणसे

मराठीत ‘हौस’ आणि ‘हौशी’ या दोन शब्दांच्या वाट्याला वेगवेगळे नशीब आले आहे. हौस ही गोष्ट आपल्याला प्रिय आहे. हौसेला मोल नसते असे आपण कौतुकाने म्हणतो. पण हेच कौतुक विशेषण होऊन एखाद्या माणसाला चिकटले, की त्याची पायरी नकळत खाली जाते. हौशी गायक, हौशी कवी, हौशी छायाचित्रकार! ‘बरा आहे, पण हौशी आहे’ या वाक्यातला ‘पण’ पुष्कळ काही सांगून जातो. हौशी रंगभूमीला एवढा मोठा इतिहास असूनही तिच्याविषयी लिहिताना आपला सूर समजुतीचा होतो, तोही यामुळेच. इंग्रजीतील ‘अमॅच्युअर’ शब्दाचेही असेच झाले. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘प्रेम करणे’ या धातूत आहे. आजचा रूढ अर्थ मात्र ‘कच्चा’ असा आहे.

साहित्याच्या आणि कलेच्या इतिहासात या विशेषणाने काही नुकसान केले आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी मी छायाचित्रणाचे क्षेत्र निवडले आहे आणि त्यातही तीन विषय घेतले आहेत : रात्रीचे शहर, वाजते संगीत आणि परसातले पक्षी. आज हातात कॅमेरा असलेल्या कोणत्याही हौशी माणसाच्या संग्रहात हे तीन विषय शेजारी शेजारी सापडतील. पण कॅमेऱ्याच्या पहिल्या शंभर वर्षांत त्याला सर्वांत जास्त नकार या तिघांनीच दिला. रात्रीला प्रकाश नाही. मैफलीत प्रकाश अपुरा, आणि झगझगीत दिवा लावला तर मैफलच मोडते. आणि पक्षी तर माणसाची चाहूल लागताच उडून जातो. हे नकार मोडण्यात हौशी माणसांचा वाटा किती होता आणि तो त्यांनाच का उचलता आला, हे पाहिले म्हणजे ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा लागतो.

आरंभी हा भेद कौशल्याचा नव्हताच. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिचे बहुतेक सभासद अधिकारी, डॉक्टर, व्यापारी असे होते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांपैकीच. वैद्यक, शिलालेख, नाणी आणि छायाचित्रे या साऱ्यांत एकाच जिज्ञासेने शिरणाऱ्या त्या पिढीला हौशी म्हणजे कच्चा असे वाटण्याचे कारण नव्हते. उलट पोटासाठी तसबिरी काढणारा तो ‘फोटोग्राफर’ आणि ज्ञानासाठी काढणारा तो सभ्य गृहस्थ, अशी ती उतरंड होती. कोरड्या काचा बाजारात आल्या, १८८८ साली शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा आला, आणि ही उतरंड उलटी झाली. आता कळ दाबणे कोणालाही शक्य झाले. उरलेले काम कारखाना करू लागला. हौशी माणसांची संख्या वाढली आणि शब्दाचा मान उतरला.

एक : गॅसच्या दिव्यांखाली

पॉल मार्टिन (१८६४–१९४४) हा फ्रान्समध्ये जन्मलेला आणि लंडनमध्ये वाढलेला कारागीर. त्याचा धंदा सचित्र साप्ताहिकांसाठी लाकडी ठशांवर चित्रे कोरण्याचा. फुरसतीत तो छायाचित्रे काढी. १८९० नंतरच्या वर्षांत त्याच्याकडे ‘फेसाइल’ नावाचा पेटीसारखा कॅमेरा होता. काखेत धरलेले ते एखादे पुडके आहे असे पाहणाऱ्याला वाटे. या पुडक्याने त्याने लंडनचे हमाल, फेरीवाले, रस्त्यावरची मुले, सुटीच्या दिवशी समुद्रकिनारी रेंगाळणारी जोडपी टिपली. चित्र काढले जात आहे हे त्यांपैकी अनेकांना कळलेही नसेल.

१८९५–९६ च्या सुमारास तो रात्रीकडे वळला. त्या वेळच्या काचांना रात्रीचे दृश्य नोंदवायला कित्येक मिनिटे लागत. शिवाय दिव्यांचा प्रकाश काचेच्या मागच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन दिव्याभोवती मोठे वलय उमटे आणि चित्र नासे. मार्टिनची युक्ती साधी होती; तिला भांडवल लागत नव्हते, वेळ लागत होता. तिन्हीसांजेला, आकाशात थोडा उजेड असताना, तो कॅमेरा तिवईवर लावून इमारतींची बाह्यरेषा नोंदवून घेई. मग भिंग झाकून तिथेच उभा राही. दिवे लागले, अंधार झाला, की त्याच काचेवर पुन्हा भिंग उघडी. समोरून दिव्यांची घोडागाडी आली की भिंग झाकायचे, ती गेली की उघडायचे. ‘लंडन बाय गॅसलाइट’ ही त्याची चित्रमाला अशी तयार झाली आणि १८९६ साली तिला रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे पदक मिळाले.

ही चित्रे आज पाहताना एक गोष्ट खटकते. लंडनच्या रात्रीत माणसे नाहीत. नाट्यगृहांच्या परिसरात त्या वेळी गर्दी असणारच; पण जो चालत राहिला तो काचेवर उमटलाच नाही. उमटले ते दिवे, ओल्या रस्त्यावरची त्यांची प्रतिबिंबे, इमारती, आणि क्वचित थांबून राहिलेली एखादी आकृती. ‘रात्रीचे जीवन’ म्हणून आपण ज्याला ओळखतो, ते या पहिल्या चित्रांतून गाळले गेले. पुढे न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झने १८९७–९८ च्या हिवाळ्यांत बर्फात आणि पावसात रात्रीची चित्रे काढली. १९३२ साली ब्रासाईचे ‘पॅरी द न्यूई’ आले आणि पॅरिसची रात्रीची माणसे कॅमेऱ्यात दिसू लागली. पण ब्रासाईदेखील पुष्कळदा माणसांना स्थिर राहायला सांगत असे. रात्र सापडायला एक माणूस दीर्घकाळ उभा राहावा लागला, आणि रात्रीतली माणसे सापडायला आणखी चार दशके.

मार्टिनच्या कथेत एक कडवटपणाही आहे. सचित्र साप्ताहिके छायाचित्रांवरून थेट हाफटोन ब्लॉक करून छापू लागली आणि लाकडी ठसे कोरणारांची गरज संपत गेली. म्हणजे ज्या शोधाची त्याला हौस होती, त्याच शोधाने त्याचे पोट काढून घेतले. १८९९ साली तो भागीदारीत व्यावसायिक छायाचित्रकार झाला. इतिहास त्याला ओळखतो तो मुख्यतः त्या आधीच्या, फुरसतीतल्या चित्रांसाठी. स्टीग्लिट्झची गोष्ट याच्या नेमकी उलट. ‘हौशी’ हे बिरूद त्याने जन्मभर अभिमानाने मिरवले. पण त्यामागे वडिलांचा आणि पत्नीच्या माहेरचा पैसा होता. हौसेला मोल नसते हे खरे, पण ते कोणीतरी भरत असते.

दोन : वाद्यवृंदाच्या आतून

दुसरा माणूस मिल्ट हिंटन (१९१०–२०००). हा तर छायाचित्रकार म्हणून ओळखला जावा अशी अपेक्षाच नव्हती. तो जॅझमधील नामवंत बास-वादक. अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग येथे जन्मलेला, शिकागोत वाढलेला. १९३५ साली, पंचविसाव्या वाढदिवसाला त्याला एक छोटा कॅमेरा भेट मिळाला. पुढच्या वर्षी तो कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदात गेला आणि १९५१ पर्यंत तिथे राहिला. कॅमेरा सोबतच होता.

जॅझची जी प्रतिमा आपल्या मनात आहे ती व्यावसायिक छायाचित्रकारांनी घडवलेली आहे. हर्मन लिओनर्डने १९४८ साली न्यूयॉर्कच्या ‘रॉयल रूस्ट’ क्लबमध्ये काढलेले डेक्स्टर गॉर्डनचे चित्र घ्या : मागून येणारा प्रकाश, त्यात तरंगणारा सिगारेटचा धूर, मांडीवर सॅक्सोफोन. चित्र अप्रतिम आहे यात वाद नाही. पण ते श्रोत्यांच्या बाजूने घेतलेले आहे; त्यात कलावंत हा दंतकथेतला पुरुष आहे.

हिंटनला ही जागा उपलब्धच नव्हती. तो व्यासपीठावर होता आणि त्याचे दोन्ही हात माणसाच्या उंचीहून मोठ्या वाद्यात गुंतलेले. ज्या क्षणी संगीत घडत होते नेमक्या त्याच क्षणी त्याला कॅमेरा उचलता येत नव्हता. म्हणून त्याच्या चित्रांत संगीताच्या अलीकडचे आणि पलीकडचे सारे आले : आगगाडीत डुलक्या घेणारे वादक, रंगपटातली थट्टा, पत्त्यांचा डाव, ध्वनिमुद्रणाच्या दोन तुकड्यांमधला कंटाळा, आणि प्रवासातला वर्णभेद. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना हॉटेलात जागा मिळत नसे, म्हणून कॅलोवेचा वाद्यवृंद रेल्वेच्या स्वतंत्र शयनडब्यातून हिंडे. उंची पोशाखातले हे नामांकित वादक ‘काळ्यांसाठी प्रवेशद्वार’ अशा पाटीखाली उभे आहेत, असे हिंटनचे चित्र आहे. रात्री गोऱ्या श्रोत्यांच्या टाळ्या घेणारी माणसे सकाळी कोणत्या दाराने जात होती, हे श्रोत्यांच्या बाजूने कधीच दिसले नसते. जी जागा त्याला अडचणीची होती तीच इतिहासाला सोयीची ठरली.

मार्च १९५९ मध्ये बिली हॉलिडेच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात हिंटन बास वाजवत होता. तिथे त्याने तिची काही चित्रे काढली. स्वतःचा आवाज ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते त्यांत आहे. जुलैत ती गेली. बाहेरच्या छायाचित्रकारासमोर तिने तो चेहरा तसा ठेवला असता का? मला शंका आहे. हिंटन तिथे पाहुणा नव्हता. तो साथीदार होता, आणि त्याच्या हातातला कॅमेरा ही त्या सगळ्यांच्या सवयीची गोष्ट झाली होती.

मागे राहिलेल्या निगेटिव्हांची संख्या सुमारे साठ हजार. कित्येक वर्षे त्या घरीच पडून होत्या. १९८८ साली ‘बास लाइन’ हे त्याच्या आठवणींचे आणि चित्रांचे पुस्तक डेव्हिड बर्जर यांच्या सहकार्याने निघाले, तेव्हा हा घरगुती संग्रह एका संगीताचा आणि एका समाजाचा दस्तऐवज आहे, हे सर्वांच्या लक्षात आले. मराठी वाचकाला इथे विष्णुभट गोडसे आठवावेत. पैसा मिळवायला उत्तरेत गेलेला आणि १८५७ च्या वणव्यात सापडलेला हा वरसईचा भिक्षुक काही लेखक नव्हता. त्याचा ‘माझा प्रवास’ लिहिला गेला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, छापला गेला १९०७ साली. इतिहासाच्या मध्यभागी दुसऱ्याच कामासाठी उभा असलेला माणूस जे पाहतो, ते इतिहास लिहायला निघालेल्याला दिसत नाही. गोडसे भटजींच्या गद्याचे मोल जाणणाऱ्यांना हिंटनच्या चित्रांचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

तीन : परसातला वैज्ञानिक

पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा आरंभही फुरसतीतच झाला. रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे इंग्लंडमधले दोघे भाऊ एका प्रकाशनसंस्थेत नोकरीला होते. १८९२ साली त्यांनी अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र काढले आणि १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर प्रत्यक्ष निसर्गातल्या छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्यात कॅमेरा घेऊन उभे राहण्यापर्यंत त्यांची मजल गेली. धंद्याचा हिशेब मांडणाऱ्या माणसाच्या डोक्यात ही कल्पना आली असती असे वाटत नाही.

परंतु मला अधिक विचार करायला लावतो तो क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट (१९०२–१९९३). हा रसायन-अभियंता. १९२२ पासून ड्यूपाँ या अमेरिकी रसायन कंपनीत. १९४८ ते १९६२ या काळात तिचा अध्यक्ष. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत पहिली नियंत्रित अणुभंजन-शृंखला सुरू झाली, तेव्हा तिथे हजर असलेल्या मोजक्या माणसांत तो होता. त्याची आई मेरी हॅलक ग्रीनवॉल्ट पियानोवादक होती आणि संगीताबरोबर बदलत्या रंगीत प्रकाशाची साथ देणारे वाद्य तिने तयार केले होते. नाद आणि प्रकाश यांची जोड त्या घरात आधीपासून होती, असे म्हणायला हरकत नाही.

डेलावेअरमधल्या त्याच्या बागेत हमिंगबर्ड येत. हा पक्षी आपल्याकडे नाही. परसातल्या जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराला पुष्कळ जण चुकून ते नाव देतात. हमिंगबर्ड जेमतेम तीन ग्रॅम वजनाचा, आणि एका सेकंदात पन्नासेक वेळा पंख हलवणारा. डोळ्याला त्या पंखांच्या जागी केवळ एक धुरकट पट्टा दिसतो. एमआयटीमधील हॅरल्ड एजर्टन यांनी विकसित केलेल्या अतिवेगवान विद्युत-झोताचे तंत्र ग्रीनवॉल्टने आपल्या कामासाठी वापरले. झोत सेकंदाच्या काही हजारांश भागापेक्षाही कमी काळ टिके. तेवढ्या वेळात पंख जागच्या जागी थांबल्यासारखे दिसत. मार्टिनला रात्र पकडण्यासाठी मिनिटे खर्चावी लागली होती. इथे काळाचा एवढासा कण पुरेसा होता. पण त्या कणासाठी साखरपाण्याच्या बाटलीसमोर बसून राहणे चुकले नाही.

१९६० साली ‘हमिंगबर्ड्स’ हे त्याचे पुस्तक निघाले. सुट्या काढून, पत्नीला बरोबर घेऊन तो दक्षिण अमेरिकेतही जाऊन आला होता. केवळ सुंदर चित्रांवर त्याचे समाधान नव्हते. पक्ष्याचा वेग मोजायला त्याने वाऱ्याचा बोगदा वापरला. या पक्ष्याच्या गळ्यावरचा झळाळता रंग रंगद्रव्याचा नसून पिसांतल्या हवेचे बुडबुडे असलेल्या सूक्ष्म थरांवरून होणाऱ्या प्रकाशाच्या खेळाचा आहे, हे त्याने सहकाऱ्यांबरोबर तपशिलाने मांडले. १९६८ साली ‘बर्ड साँग’ या ग्रंथात तो पक्ष्यांच्या गळ्याकडे वळला. पक्ष्याच्या स्वरयंत्राच्या दोन बाजू एकाच वेळी दोन स्वतंत्र स्वर काढू शकतात, हे त्या ग्रंथातले महत्त्वाचे प्रतिपादन. परसातल्या हौसेतून निघालेले हे काम पक्षिशास्त्रज्ञांनी गंभीरपणे घेतले.

इथवर ही कथा हौसेच्या गौरवाची आहे. पण तिथे थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘हमिंगबर्ड्स’नंतर दोनच वर्षांनी, १९६२ साली, रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. कीटकनाशकांमुळे पक्ष्यांचा आवाज नाहीसा झालेला वसंत ऋतू ही त्या पुस्तकाच्या नावातलीच प्रतिमा. ज्या डीडीटीवर त्या पुस्तकाचा मुख्य रोख होता, त्याच्या मोठ्या उत्पादकांत ड्यूपाँ ही एक होती. पक्ष्याच्या एका पंखफडफडीसाठी तासन्‌तास थांबणारा माणूस आणि त्या कंपनीचा प्रमुख, हे दोघे एकच. ग्रीनवॉल्टला ढोंगी ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्याचे प्रेम खरे होते हे त्याच्या पुस्तकाचे प्रत्येक पान सांगते. अडचण नेमकी तीच आहे. प्रेम खरे असूनही ते परसाच्या कुंपणाशी थांबू शकते. हौस माणसाला धंद्यापासून मोकळे करते, आणि कधी कधी आपल्या धंद्याकडे पाहण्यापासूनही मोकळे करते.

मोल

तिघांना शेजारी ठेवल्यावर काय दिसते? पहिली गोष्ट म्हणजे त्यांचे हौशी असणे हा कौशल्याचा अभाव नव्हता. तिघेही तंत्रात पक्के होते. त्यांच्यात आणि व्यावसायिकात फरक होता तो वेळेचा आणि जागेचा. मार्टिन एका चित्रासाठी संध्याकाळ घालवू शकला, कारण त्या संध्याकाळचा जाब विचारणारा संपादक नव्हता. हिंटन जिथे उभा होता ती जागा पैसे देऊन मिळणारी नव्हती. ग्रीनवॉल्टला एकाच पक्ष्याकडे वर्षानुवर्षे परत जाता आले. रात्र, मैफल आणि पक्षी या तिघांनाही घाई चालत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही मोकळीक आकाशातून पडलेली नव्हती. तिच्याखाली एकाचा मोडत चाललेला धंदा होता, दुसऱ्याचे रात्रपाळीचे कष्ट आणि वर्णभेदाने आवळलेले जग होते, तिसऱ्याची सत्ता आणि संपत्ती होती. म्हणून हौशी माणसाची साक्ष वाचताना दोन प्रश्न सुटू देता कामा नयेत : हा माणूस कुठे उभा होता, आणि त्याच्या हौसेला पोसत होते कोण? वाङ्मयाच्या अभ्यासात खासगी रोजनिशा, पत्रे, घरगुती आठवणी यांना आपण अलीकडे मान देऊ लागलो आहोत. तो मान देताना निरागसतेची सवलतही देऊन टाकतो. ती देऊ नये. जत्रेला हवसे, नवसे आणि गवसे असे तिघे येतात अशी आपल्याकडे म्हण आहे. अनुभव असा की हे तिघे पुष्कळदा एकाच अंगरख्यात असतात.

१२ ऑगस्ट १९५८ रोजी सकाळी दहाच्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, पूर्व १२६ व्या रस्त्यावरील एका घराच्या पायऱ्यांवर जॅझमधले सत्तावन्न कलावंत जमले. रात्रभर वाजवणाऱ्यांना ही वेळ भल्या पहाटेची. ‘एस्क्वायर’ मासिकासाठी आर्ट केन यांनी रस्त्यापलीकडून काढलेले ते चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात हिंटनही आहे. पण त्या दिवशी त्यानेही आपला कॅमेरा आणला होता, आणि त्याची पत्नी मोना हिच्या हातात घरगुती आठ मिलिमीटरचा चलच्चित्र-कॅमेरा होता. १९९४ साली जीन बाख यांनी त्या सकाळीवर माहितीपट केला, तेव्हा मोनाची ती फिल्म कामी आली. केन यांच्या चित्रात सारे इतिहासाकडे तोंड करून उभे आहेत. मोनाच्या हलत्या, अनघड फिल्ममध्ये ते अजून उभे राहिलेले नाहीत. फार दिवसांनी भेटलेल्या दोस्तांशी बोलत आहेत, हसत आहेत.